अफूचे चिनी आणि जपानी शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अफूयुद्धाबद्दल वाचताना, चिनी-जपानी मजकुराचा अनुवाद करताना किंवा तिकडे नोकरी-शिक्षणासाठी जाताना हे शब्द आडवे येतात आणि मग तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. चिनी लिपी न येणाऱ्यांनाही वाचता यावं म्हणून चिन्हांचं वर्णन शब्दांतच केलं आहे. माझं मत आधीच सांगतो. चीनमधले अफूचे शब्द बाजारातून आणि ओढणाऱ्यांच्या तोंडून आले. जपानमधले बहुतेक कायद्यातून आणि औषधाच्या कपाटातून आले. चिन्हं सारखी दिसतात म्हणून एकीकडचा अर्थ दुसरीकडे लावला की हमखास फसगत होते.

१. अफूला चिनी आणि जपानीत नेमकं काय म्हणतात?

चिनीत 'याफ्येन', जपानीत 'आहेन'. दोन्ही शब्द दोन-दोन चिन्हांचे आणि दुसरं चिन्ह दोन्हीकडे एकच. पहिल्या जागी चिनीत आज कावळ्याचं चिन्ह वापरतात, जपानीत 'आ' असा उच्चार असलेलं दुसरं. जुन्या जपानी लिखाणात कावळ्याचं चिन्हही दिसतं, पण वाचायचं 'आहेन'च. दक्षिण चीनच्या बोलींत उच्चार बदलतो: फुजियानकडे 'आफ्येन', कॅन्टनीत 'आफिन'. या शब्दांतला 'फ' 'फणस'मधला आहे, 'फॅन'मधला नाही. पुढे येणाऱ्या 'आफूरोंग', 'फूरोंगगाव', 'फूशोवगाव', 'माफेइ' आणि 'बायफन' या शब्दांत मात्र तो 'फॅन'मधला.

२. चिनी लोक अफूला 'कावळ्याचा काप' का म्हणतात? तिच्या काळ्या रंगामुळे का?

नाही. पहिल्या चिन्हाचा अर्थ कावळा आणि दुसऱ्याचा काप किंवा पातळ तुकडा हे खरं, पण ही चिन्हं फक्त आवाजासाठी घेतली आहेत. परका शब्द लिहिताना चिनी माणसाला चिन्हं उसनी घ्यावीच लागतात आणि प्रत्येक चिन्हाला आपला अर्थ चिकटलेला असतो. मूळ शब्द ग्रीक 'ओपियन', म्हणजे रस. तो अरबीत 'अफयून' झाला आणि व्यापाऱ्यांबरोबर पूर्वेकडे गेला. काळा रंग आणि कावळा यांची सांगड लोकांनी मागाहून घातली.

३. 'याफ्येन' हाच सगळ्यात जुना शब्द आहे का?

नाही. 'बेनत्साव गांगमू' हा चिनी औषधींचा महाग्रंथ ली शिझेन यांनी १५७८ मध्ये पूर्ण केला आणि तो १५९६ मध्ये छापून झाला. त्यात अफूची नोंद 'आफूरोंग' या नावाखाली आहे. हा शब्द 'अफयून'च्या किती जवळचा आहे ते कानाला लगेच कळतं. लोक याला 'याफ्येन' म्हणतात आणि नावाचा अर्थ ठाऊक नाही, असं ली शिझेन स्वतः लिहितात. 'फूरोंग' म्हणजे कमळ किंवा जास्वंदीच्या कुळातलं एक फूल. त्यामुळे फुलाचा रंग तसा असतो म्हणून हे नाव पडलं असावं, असा एक तर्कही ते नोंदवून ठेवतात.

त्याच नोंदीत अफू काढायची रीत आहे. दुपारनंतर कच्च्या बोंडाच्या हिरव्या सालीवर मोठ्या सुईनं तीन-पाच ठिकाणी टोचायचं, आतल्या कठीण सालीला धक्का लागू द्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलेला चीक बांबूच्या सुरीनं खरवडून चिनी मातीच्या भांड्यात घ्यायचा आणि सावलीत वाळवायचा. मंदसौर-नीमचकडे परवान्यानं अफू पिकवणारा शेतकरी आजही दुपारी चिरा देतो आणि सकाळी चीक गोळा करतो.

याहून जुना एक शब्द 'दियेज्या'. इ.स. ६६७ मध्ये बायझंटाइन साम्राज्याकडून आलेल्या दूतांनी चीनच्या थांग राजघराण्याच्या दरबाराला या नावाचं औषध भेट दिल्याची नोंद आहे. तो ग्रीक 'थिरिआका'चा चिनी उच्चार. हे अनेक घटकांचं विषावरचं औषध होतं आणि त्यात अफूही घालत. पण तो शब्द त्या मिश्रणाचा आहे. त्याला 'अफू' म्हणू नये.

४. जपानी 'आहेन' म्हणजे आपलं संस्कृत 'अहिफेन'च ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दोघे दूरचे नातेवाईक आहेत, पण एकातून दुसरा निघालेला नाही. जपान्यांनी चिनी चिन्हं घेतली आणि स्वतःच्या रीतीनं वाचली. चिनी 'फ्येन' जपानीत 'हेन' होतो, कारण चिनी शब्दांतला सुरुवातीचा 'प' किंवा 'फ' जपानी वाचनात नेहमीच 'ह'कडे सरकला आहे. म्हणजे 'आहेन'मधला 'ह' भारतातून गेलेला नाही.

आपला 'अहिफेन' म्हणजे सापाचा फेस. तोही 'अफयून'लाच चढवलेला संस्कृत पोशाख आहे. आपल्या पंडितांनी परक्या आवाजात साप आणि फेस ऐकला, चिनी वैद्यांनी त्याच आवाजात फूल ऐकलं.

५. अफूच्या झाडाला वेगळा शब्द आहे का?

आहे, आणि तो अफूच्या शब्दाहून बराच जुना आहे. चिनीत झाडाला 'यिंगसू' म्हणतात. 'यिंग' म्हणजे पोटाळ मडकं, 'सू' म्हणजे राळ्यासारखं बारीक धान्य. बोंडाचा आकार आणि आतली खसखस दोन चिन्हांत आली. थांग काळात हे झाड बागेतल्या फुलांसाठी लावत. त्याचं 'मिनांगह्वा', म्हणजे तांदळाच्या पिशवीचं फूल, हे नावही त्याच काळातलं. वाळलेलं बोंड खोकला आणि जुलाबावर औषध म्हणून वापरत. व्यसनाची गोष्ट तेव्हा कुठेच नव्हती.

६. जपानी 'केशी' म्हणजे मोहरी की खसखस?

जपानमध्ये खसखस आणि तिचं झाड. पण ज्या दोन चिन्हांत हा शब्द लिहितात त्यांचा चिनीत अर्थ आजही मोहरी आहे. बौद्ध ग्रंथांतला संस्कृत 'सर्षप' चिनीत याच चिन्हांनी लिहिला गेला. जपानमध्ये दाण्याच्या आकारावरून गल्लत झाली आणि नाव खसखशीला चिकटलं. म्हणून जुन्या बौद्ध मजकुरात, होमाच्या वर्णनात किंवा मेरू पर्वत एका दाण्यात मावल्याच्या दृष्टांतात ही चिन्हं आली तर मोहरीच समजा.

'केशीत्सुबू', म्हणजे खसखशीचा दाणा, हा शब्द अगदी क्षुल्लक, चिमुकल्या गोष्टीसाठी रोजच्या बोलण्यात येतो. 'आनपान' नावाच्या गोड सारणाच्या पावावर खसखस भुरभुरलेली असते आणि 'शिचिमी' या सात जिनसांच्या मसाल्यातही ती असते. दुसऱ्या शब्दाला जोडताना 'केशी'चं 'गेशी' होतं: हिनागेशी, ओनीगेशी, आत्सुमीगेशी.

७. चिनीत धूर, तंबाखू आणि अफू या तिघांना एकच 'येन' शब्द कसा?

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फिलिपीन्सकडून तंबाखू फुजियानमध्ये आली. ओढायची वस्तू म्हणून तिला 'येन', म्हणजे धूर, हे नाव पडलं. पुढे तंबाखूत अफू कालवून ओढायला सुरुवात झाली. आपल्याकडे या प्रकाराला मदक म्हणत. १७२९ मध्ये योंगचंग सम्राटानं ज्याच्या विक्रीवर आणि गुत्त्यांवर बंदी घातली तो हाच मालमसाला. नंतर तंबाखू गळून नुसती अफू ओढणं सुरू झालं, पण 'येन' हे नाव राहिलं. फरक करायचा असेल तेव्हा अफूला 'दायेन', म्हणजे मोठा धूर, किंवा 'यांगयेन', म्हणजे परदेशी धूर, म्हणत. 'दायेन ओढणं' हा प्रयोग आजही सगळ्यांना समजतो.

८. मग चिनी मजकुरात नुसतं 'येन' आलं तर तंबाखू समजायची की अफू?

काळ पाहा आणि शेजारचे शब्द पाहा. सतराव्या शतकातला मजकूर असेल तर तंबाखू. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात दिवा, सुई, पलंग, गुत्ता यांपैकी काही जवळपास असेल तर अफू. सरकारी कागदातलं 'जिनयेन', म्हणजे येन-बंदी, त्या काळात जवळजवळ नेहमी अफूबंदीच असते. आज तोच शब्द भिंतीवर दिसला तर 'धूम्रपान निषिद्ध'. 'ज्येयेन'चंही तसंच झालं: शंभर वर्षांपूर्वी अफू सोडणं, आता सिगारेट सोडणं. जपानीत याच 'बंदी-धूर' चिन्हांचा उच्चार 'किन्एन' होतो आणि तो तंबाखूबद्दलच असतो.

९. अफूला 'माती' का म्हणत? आणि यात माळव्याचा संबंध काय?

कच्च्या अफूला 'येनथू' किंवा नुसतं 'थू', म्हणजे माती, म्हणत. गोळे आणि वड्या तपकिरी, चिकट, मातीच्या ढेकळासारख्या दिसत. व्यापाऱ्यांनी या 'माती'ला गावागावाची नावं लावली आणि इथे आपला इतिहास थेट येतो.

बंगालकडची अफू 'गोंगबान थू'. 'गोंगबान' हा 'कंपनी'चा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा, चिनी उच्चार, तेव्हा कंपनीची माती. ती पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत तयार होई. पाकळ्यांच्या थरांचं जाड कवच दिलेले, तोफगोळ्याएवढे ४० गोळे एका पेटीत भरत. माळव्याची अफू 'बायफी', म्हणजे पांढरी साल. तिच्यावर कंपनीचा मक्ता नव्हता, कारण ती शिंदे-होळकरांच्या आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलखात पिकत होती. ती चपट्या वड्यांत येई आणि तिची पेटी साधारण ६० किलोंची, चिनी हिशेबानं एक 'दान' म्हणजे १०० 'जिन' भरे. तुर्की अफूला 'जिनह्वा', सोनेरी फूल, म्हणत.

माळव्याची माती आधी राजस्थान-सिंधमार्गे कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला जाई. कंपनीनं परवाना-शुल्क लावून ती मुंबईकडे वळवली आणि १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर ती चोरवाट जवळजवळ बंद झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांचा मोठा व्यापार कॅन्टनच्या जार्डिन-मॅथेसन कंपनीशी होता आणि त्यात कापसाइतकीच अफू महत्त्वाची होती. मुंबईच्या उभारणीत या पैशाचा वाटा आहे. चिनी कागदपत्रांत 'पांढरी साल' वाचताना मराठी वाचकानं हे मनात ठेवावं, असं मला कळकळीनं वाटतं. अफूयुद्ध म्हणजे फक्त इंग्रज आणि चिनी यांची गोष्ट, असं शिकवलं जातं. ते अपुरं आहे.

पुढे चीनमध्येच पीक वाढलं तेव्हा 'युनथू' म्हणजे युन्नानची माती आणि 'छ्वानथू' म्हणजे सिच्वानची माती ही नावं आली.

१०. 'यांगयाव' म्हणजे परदेशी औषध. हे कुठलं औषध?

अफूच. १८५८ च्या चीन-इंग्रज जकात-करारात अफू आयातीला परवानगी मिळाली आणि १०० जिनांमागे ३० टेल चांदी असा कर ठरला. पण करारात 'अफू' लिहिण्याऐवजी 'यांगयाव' लिहिलं. ज्या मालाच्या बंदीसाठी लिन झशूसारख्या अधिकाऱ्यानं (प्रश्न १६) आपली कारकीर्द पणाला लावली, तो त्याच्याच दरबाराच्या कागदावर वीस वर्षांत औषध झाला. देशी मालाला मग 'थूयाव', देशी औषध, म्हणू लागले. जकातीच्या नोंदींत हे दोन शब्द सतत येतात. अनुवादात कंसाशिवाय सरळ 'परदेशी अफू' आणि 'देशी अफू' लिहिलं तरी चालतं, पण करारातून उतारा देत असाल तर 'औषध' हा शब्द ठेवा. त्यातच त्या कराराचं खरं रूप दिसतं.

११. ओढण्याच्या सामानाचे शब्द कोणते?

कच्ची अफू कोणी ओढत नसे. ती पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून 'येनगाव' म्हणजे ओढायचा लगदा करत. ओढायची नळी म्हणजे 'येनछ्यांग'. 'छ्यांग'चा अर्थ भाला, नंतर बंदूकही. बांबूची लांब नळी आणि टोकाच्या अलीकडे बसवलेली मातीची बंद वाटी, तिच्या माथ्यावर सुईएवढं भोक. या वाटीला 'येनदोव' म्हणतात. 'येनदंग' म्हणजे काचेची चिमणी असलेला बुटका दिवा, 'येनछ्येन' म्हणजे सुई, 'येनथा' म्हणजे आडवं व्हायचा पलंग.

आता मुख्य शब्द: 'येनफाव', म्हणजे धुराचा बुडबुडा. सुईच्या टोकावर लगद्याचा थेंब घेऊन दिव्यावर धरला की तो फुगतो, बुडबुडे येतात, रंग सोनेरी होतो. मग तो वाटीच्या माथ्यावर फिरवून गोळी वळायची, भोकावर बसवायची, सुई काढून घ्यायची आणि कुशीवर पडून वाटी दिव्यावर कलती धरायची. गोळी जळत नाही, तिची वाफ होते आणि ती ओढली जाते. ही गोळी नीट करणं हे कसबाचं काम मानत. वाटीत उरलेल्या जळक्या खरवडीला 'येनश', शब्दशः धुराची विष्ठा, म्हणत आणि गरीब लोक तीच विकत घेत.

गुत्ता म्हणजे 'येनग्वान', ओढणारा 'येनग्वेइ', म्हणजे धुराचं भूत.

१२. चंडू, चंडूखाना, मदक हे आपल्याकडचे शब्द चिनी आहेत का?

नाहीत. 'चंडू' म्हणजे प्रश्न ११ मधला लगदा, पण हा शब्द मलाय भाषेत रूढ आहे. 'मदक' आपल्याच उपखंडातला. चिनी मजकुरातल्या 'येनग्वान'साठी 'चंडूखाना' हा शब्द मराठी वाचकाला झटकन कळतो, पण त्यात गप्पा-थापांचा वास येतो. गंभीर मजकुरात मी 'अफूचा गुत्ता' वापरतो.

१३. 'यिन' या शब्दाचा एवढा गाजावाजा का?

कारण अफूच्या शब्दांपैकी हाच आज सगळ्यात जिवंत आहे. 'यिन' म्हणजे तलफ. चिन्हाची बाहेरची चौकट आजारपणाची आणि आत 'लपलेलं' या अर्थाचं चिन्ह. 'शांगयिन' म्हणजे तलफ लागणं, व्यसन जडणं. 'येनयिन' म्हणजे धूर ओढायची तलफ, 'वांगयिन' म्हणजे इंटरनेटचं व्यसन, 'दूयिन' म्हणजे अमली पदार्थांचं. 'यिनज्युन्झ', शब्दशः तलफवाला सद्गृहस्थ, म्हणजे व्यसनी माणूस.

आणि 'ग्वोयिन', तलफ भागवणं. आज एखादा चित्रपट, क्रिकेटसारखा रंगलेला सामना किंवा झणझणीत जेवण झालं की चिनी तरुण म्हणतात, 'ग्वोयिन!' म्हणजे मन भरलं, मजा आली. अफूचा तिथे मागमूसही नसतो, म्हणून 'तलफ भागली' असा अनुवाद करू नका.

१४. इंग्रजीत 'येन' म्हणजे तीव्र इच्छा. तो आणि जपानी चलनाचा 'येन' एकच का?

नाही. इच्छेचा 'येन' अमेरिकेतल्या चिनी मजुरांच्या कॅन्टनी बोलीतून, वर सांगितलेल्या तलफेच्या शब्दातून आला असं बहुतेक कोश सांगतात. चलनाचा शब्द जपानीत 'एन' आहे, अर्थ गोल, म्हणजे नाणं. आणि प्रश्न ७ मधला धुराचा 'येन' तिसराच.

१५. 'फूशोवगाव' म्हणजे काय?

'सौख्य-दीर्घायुष्याचा लगदा'. अफूचंच गोड नाव. 'फूरोंगगाव' म्हणजे फुलाचा लगदा, हेही तसंच. चिनी जगात दीर्घायुष्य हा सर्वांत मोठा आशीर्वाद, आणि तोच या मालाला लावला. दुकानाच्या पाट्यांवर आणि पाहुणचारात हे शब्द चालत. अनुवादात मूळ अर्थ दाखवायलाच हवा.

१६. लिन झशू यांनी अफू जाळली, असं पुस्तकात वाचलं. चिनी शब्द काय सांगतो?

चिनी शब्द 'हूमन शियावयेन'. 'हूमन' हे ठिकाण, आणि 'शियाव'चा मूळ अर्थ वितळवणं, विरघळवणं. त्यात जाळणं नाहीच. ३ जून १८३९ पासून तीन आठवडे हे काम चाललं. किनाऱ्यालगत मोठे हौद खणले, त्यात खारं पाणी भरलं, गोळे फोडून टाकले, वर चुनकळी ओतली, मजुरांनी ढवळलं आणि ओहोटीच्या वेळी सगळं समुद्रात सोडलं. एकूण माल २३,७६,२५४ जिन. अफू जाळली तर बरीचशी जमिनीत झिरपते आणि लोक ती माती खणून पुन्हा अफू काढतात, हे ठाऊक असल्यानं ही रीत निवडली. पाणी घाण करण्याबद्दल लिन यांनी आधी सागरदेवतेची प्रार्थनाही केली होती. मराठीत 'अफूची होळी' हा शब्दप्रयोग वाचायला जोरकस वाटतो, पण तो चूक आहे. 'अफू नष्ट केली' लिहा.

१७. हाँगकाँग म्हणजे 'सुगंधी बंदर'. तो सुगंध अफूचा का?

नाही. अगरूच्या, म्हणजे धूप-उदबत्तीच्या सुगंधी लाकडाच्या व्यापारावरून ते नाव पडलं असं सर्वसाधारणपणे मानतात. २९ ऑगस्ट १८४२ च्या नानजिंग तहानं ते बेट इंग्रजांना मिळालं, त्याआधीपासून नाव होतंच.

१८. जपानीत अफूचे शब्द इतके कमी का?

कारण जपाननं अफू दारातच अडवली. चीनमधल्या युद्धाच्या बातम्या नागासाकीला येणाऱ्या डच आणि चिनी जहाजांकडून पोचत होत्या आणि राज्यकर्त्यांनी धडा घेतला. १८५८ च्या अमेरिकेबरोबरच्या व्यापार-करारातच अफूच्या आयातीला बंदी आहे. व्यापारी जहाजावर तीन कॅटींपेक्षा, म्हणजे सुमारे पावणेदोन किलोंपेक्षा जास्त अफू सापडली तर वरची जप्त करून नष्ट करायची. त्याच वर्षी चीनला अफूची आयात मान्य करावी लागली (प्रश्न १०).

म्हणून ओढणाऱ्यांची बोली जपानीत तयार झालीच नाही. गुत्त्याला 'आहेनकुत्सू', म्हणजे अफूची गुहा, हा शब्द आहे, पण तो बहुधा चीनच्या वर्णनातच येतो. देशी शब्द म्हणावा तर 'त्सुगारू'. उत्तरेकडच्या या प्रांतात खसखशीची लागवड प्रथम झाली अशी परंपरा आहे, आणि त्यावरून झाडालाच ते नाव पडलं.

इथे जपानची बाजू उजळ दाखवून थांबणं बरोबर नाही. तैवान ताब्यात आल्यावर १८९७ मध्ये जपाननं तिथे 'आहेन' हुकूम काढला. ओढणाऱ्यांना परवाने आणि विक्री सरकारकडे. गोतो शिम्पेई या जपानी अधिकाऱ्याच्या हळूहळू बंदीच्या धोरणातून तैवानच्या तिजोरीत मोठी रक्कम आली. पुढे मांचुकुओमध्येही, म्हणजे जपाननं ईशान्य चीनमध्ये उभ्या केलेल्या राज्यातही, सरकारी मक्ता होता. 'सेनबाई', मक्ता, हा शब्द जपानी कागदांत अफूशेजारी दिसला तर तो वसाहतीबद्दल आहे असं समजा.

१९. जपानी कायद्यात 'आहेन' चित्रलिपीत न लिहिता 'काना' या साध्या उच्चारलिपीत (हिरागाना, कताकाना) का लिहितात?

१९४६ मध्ये रोजच्या वापराच्या चिन्हांची सरकारी यादी ठरली. 'आ'चं चिन्ह तीत नव्हतं. म्हणून १९५४ चा अफू कायदा 'आहेनहो' हिरागानात लिहिलेला आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा कताकाना दिसतो. दंडसंहितेच्या १३६ ते १४१ या कलमांत 'आहेनएन', म्हणजे ओढायची अफू, हा वेगळा शब्द आहे.

२०. जपानी 'मायाकू' आणि चिनी 'मायाव' एकच ना? चिन्हं तर तीच आहेत.

हीच सगळ्यात धोक्याची जागा. जपानी 'मायाकू' म्हणजे अमली पदार्थ. चिनी 'मायाव' म्हणजे भूल देण्याचं औषध. चिनी दंतवैद्यानं 'मायाव देतो' म्हटलं तर घाबरू नका आणि जपानी विमानतळावर 'मायाकू' या शब्दाची थट्टा करू नका. अमली पदार्थांना चिनीत 'दूफिन', विषारी जिन्नस, म्हणतात. 'शीदू' म्हणजे अमली पदार्थ घेणं, 'ज्येदू' म्हणजे सोडणं.

२१. 'मायाकू'तलं पहिलं चिन्ह ताग-गांजाच्या झाडाचं आहे. म्हणजे तो गांजा का?

नाही. मूळ चिन्ह 'बधिर होणं' या अर्थाचं, आजारपणाची चौकट असलेलं होतं. प्रश्न १९ मधल्या यादीमुळे त्याच्या जागी सोपं, झाडाचं चिन्ह आलं आणि गोंधळ सुरू झाला. गांजाला जपानीत 'ताइमा' म्हणतात. त्याचा कायदा बरीच दशकं वेगळा होता. डिसेंबर २०२४ पासून मात्र गांजाचं सेवनही 'मायाकू'च्या कायद्याखाली गुन्हा झालं आहे. याउलट अफू बोलण्यात 'मायाकू' असली तरी तिला स्वतःचा वेगळा कायदा आहे.

२२. 'चूदोकू' म्हणजे विषबाधा की व्यसन?

जपानीत दोन्ही. 'आहेन चूदोकू' म्हणजे अफूचं व्यसन, पण अन्नाबरोबर आला तर विषबाधा. वैद्यकीय लिखाणात व्यसनासाठी आता 'इझोनशो' वापरतात. चिनीत त्याच चिन्हांचा 'झोंगदू' मुळात विषबाधाच.

२३. मॉर्फिन आणि हेरॉइनला काय म्हणतात?

मॉर्फिन चिनीत 'माफेइ', जपानीत 'मोरुहिने'. हेरॉइन चिनीत 'हायल्वोयिन', बोलीत 'बायफन' म्हणजे पांढरी पूड किंवा 'बायम्येन' म्हणजे पांढरं पीठ. जपानीत 'हेरोइन'.

२४. 'मानसिक अफू' असा शब्द चिनी बातम्यांत येतो, तो काय?

'जिंगशन याफ्येन'. मन गुंगवून टाकणाऱ्या गोष्टीवरचा सणसणीत शेरा. ऑगस्ट २०२१ मध्ये एका सरकारी अर्थविषयक वृत्तपत्रानं ऑनलाइन खेळांना हा शब्द लावला आणि टेन्सेंटसारख्या कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी घसरले. आपल्याकडे 'अफूची गोळी' म्हटलं की झोप आणि भाबडेपणा आठवतो. चिनी माणसाला देशाचा पराभव आठवतो. अनुवादात हे वजन जाऊ देऊ नका.

२५. बागेत 'युमेइरन' पाहिलं. ती अफू आहे का?

नाही. हे शोभेचं लाल-गुलाबी फुलझाड. नाव शियांग यू या सेनानीच्या यू नावाच्या प्रियेवरून पडलं. जपानीत 'हिनागेशी'. ओळख सोपी आहे: युमेइरनची दांडी बारीक आणि केसाळ, पानं चिरलेली. अफूचं झाड दणकट आणि गुळगुळीत, पानं निळसर आणि देठाला मिठी मारून बसलेली. खरं झाड पाहायचं असेल तर तोक्योजवळ कोदाइरा इथे महानगर सरकारचं औषधी वनस्पतींचं उद्यान आहे. तिथे मे महिन्यात दुहेरी कुंपणाआडून ते दिसतं.

२६. अनारशांसाठी आणि मसाल्यासाठी खसखस सोबत नेली तर चालेल का?

नेऊ नका. चीनमध्ये मसाला म्हणून खसखस विकायला बंदी आहे. बोंडाच्या सालीला 'यिंगसूख' म्हणतात, आणि तिची पूड रश्श्यात घालणाऱ्या ३५ उपाहारगृहांची नावं तिथल्या अन्न प्रशासनानं जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केली होती. जपानमध्ये खसखस मिळते, पण ती भाजून किंवा तापवून उगवण मारलेली असते. उगवू शकणारं बी म्हणजे लागवडीचा प्रश्न, आणि तो थेट अफू कायद्यात जातो. आपल्या किराणा दुकानातल्या पुडीवर बी तापवलं आहे की नाही हे लिहिलेलं नसतं. जपानमध्ये दुकानात 'केशी नो मी' मागा, मिळेल. चीनमध्ये अनारशांना तीळ लावा.